दुपारच्या गोळीनंतर

११ मार्च

प्रिय टिल्लू,

आधी हे सांगते की बाबा आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी शेवटची ओळ वाचली असशील. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. त्यामुळे आता लिहिलं म्हणजे तेच असणार, असं कुणालाही वाटेल. तसं काही नाही.

बाबा हॉस्पिटलात आहेत. पाच आठवड्यांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा नेलं ते कंपवातामुळे. तुला त्यातलं काही माहीत नसणार. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. दुकानात चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवताना तो तीनतीनदा खाली पडायचा. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत शोधायचो, आणि गिऱ्हाईक वरून बघत उभं. शेवटी एक दिवस त्यांनी हातातला पेचकस माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून काचा मी घासते, नंबरही मीच काढते. या फेब्रुवारीत पायही अडखळायला लागले, म्हणून दाखल केलं. सहा दिवस ठेवलं, जुन्या गोळीचा डोस वाढवला, जोडीला एक नवी दिली आणि घरी पाठवलं.

हात थांबला, टिल्लू. अगदी थांबला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एका बाईच्या फ्रेमला नाकाच्या नव्या पट्ट्या लावल्या आणि मला म्हणाले, "तुझ्यापेक्षा सरळ बसल्यात की नाही बघ." बसल्या होत्या.

गेल्या शुक्रवारी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं, कपाळाला सात टाके. दोन दिवस जरा भ्रमात होते, आता बरे आहेत. काळजीचं कारण नाही. येण्याचीही गरज नाही. कळवलं नाही असं उद्या तू म्हणू नयेस, एवढ्यासाठी लिहिलं.

ताई


२१ मार्च

टिल्लू,

तुझा मेसेज मिळाला. "कोणत्या गोळ्या? डिस्चार्जचा कागद पाठव." पाच शब्द. इंजिनं तपासता तपासता माणसांशीही तसंच बोलायला लागलास वाटतं. असो, विचारलंस हेही कमी नाही.

कागदाची प्रत सोबत आहे, पहिल्या वेळची. तिसऱ्या ओळीला निळ्या पेनाने गोल केलाय. तो हॉस्पिटलातल्या फार्मासिस्टने केला, आम्ही निघताना. उंच, वाळका माणूस. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. तो बोलत होता आणि मला वाटत होतं, याच्या दांड्या एकदा जरा गरम करून वाकवून द्याव्यात. म्हणजे तो काय सांगतोय ते मी ऐकलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ऐकलं. दोनदा सांगितलं त्याने. "नसलेली माणसं दिसली, कुणाशी बोलायला लागले, तर वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा. आणि गोळी कमीजास्त मनाने करायची नाही."

मागच्या पत्रात लिहिलं की पाय घसरला. घसरला नव्हता. ते उठून उभे राहिले, रक्तदाब एकदम खाली गेला आणि उभ्याचे आडवे झाले. गोळी जास्त झाली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "गोळ्या कोण देतं?"

मी म्हटलं, "त्यांच्या तेच घेतात. विसरून दोनदा घेतली असेल."

त्यांनी लिहून घेतलं.

आता दुसरी गोष्ट सांगते. हसू नकोस आणि फोनही करू नकोस. आधी वाच.

बाबांना आई दिसत होती.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून. गोळी सकाळी आठला, दुपारी तीनला आणि रात्री जेवणानंतर. पण ती यायची फक्त दुपारच्या गोळीनंतर, पाऊण तासाने, चांगल्या लख्ख उजेडात. पहिल्या दिवशी मी मागच्या खोलीत काचांवर नंबर लिहीत बसले होते. बाबा म्हणाले, "अगं, तिला जरा बसायला दे. केव्हाची उभी आहे."

मी म्हटलं, "कोणाला?"

"कोणाला म्हणजे? आईला."

माझ्या हातातली काच पडली नाही की काही नाही. मी उठले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली.

तुला वाटेल म्हातारा भ्रमला. तसं नव्हतं. बाकी सगळं शाबूत होतं. तारीख विचारली की बरोबर सांगायचे, गिऱ्हाइकांची नावं सांगायचे, माझ्या चुका तर हमखास काढायचे. आणि स्वतःवर विश्वास ठेवणारा माणूस नाही तो. चाळीस वर्षं लोकांना "आता स्पष्ट, की आता?" असं विचारण्यात घालवलीत. त्यांनी तपासून पाहिलं. चष्मा काढला, खुर्चीकडे बघितलं, परत घातला, परत काढला. मग मला समजावून सांगितलं, दुकानात सांगायचे तसंच. "चष्मा काढला की ती पण धूसर होते. भास असता तर तो नंबराला कशाला जुमानेल? धूसर होतेय म्हणजे बाहेर आहे."

मी चष्मा पुसून परत त्यांच्या हातात दिला. तू वाद घातला असतास.

ताई


२ एप्रिल

प्रिय टिल्लू,

तू लिहिलंस, "पहिल्याच दिवशी फोन का केला नाहीस?" कागदावर लिहिलंस, पाकिटात घालून पाठवलंस, म्हणून मीही नीट उत्तर देते.

पहिले दोन दिवस स्वतःला सांगितलं की हातासाठी. फोन केला तर गोळी कमी करतील, हात पुन्हा थरथरायला लागेल. ते खोटं नव्हतं. चार वर्षांनी त्यांनी स्वतःच्या हाताने कप तोंडाला लावला होता, आणि कप भरलेला होता.

पण तेवढंच असतं तर मी दुपारी तीनला दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत येऊन बसले नसते. रोज बसत होते. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारायचं, "आहे का कुणी?" आणि मी आत बाबांच्या तोंडाकडे बघत.

पहिल्यांदा मी नुसतं विचारायची, "आली का?"

"आली."

"काय घातलंय?"

"तुझंच काहीतरी. निळं. मोठं होतंय तिला."

शेवटच्या महिन्यात ती खरंच माझे कपडे घालायची, आठवतं? स्वतःचे अंगावर राहत नव्हते.

मला ती दिसत नव्हती. एकदाही नाही. मला दिसत होती फक्त खुर्ची आणि बाबांचा चेहरा. पण बाबांची नजर तिच्यामागून फिरायची. ती खिडकीशी गेली की खिडकीकडे, परत बसली की खुर्चीकडे. माझ्या मागे येऊन उभी राहिली की माझ्या खांद्यावरून पलीकडे. तेव्हा मी मान वळवत नसे. वाटायचं, हलले तर जाईल.

बाबा मजेत होते. ती काय म्हणाली ते मला सांगायचे. पडदा उलटा लावलाय. तू फार वाळलीस. दुकानातला अक्षरांचा तक्ता धुऊन काढ, खालच्या ओळी कुणाला दिसत नाहीत त्या नंबरामुळे नाही, धुळीमुळे. मी हसले. पडदा सुलटा लावला. तक्ताही पुसला. खरंच मळला होता रे.

मग एके दिवशी मी विचारलं. मोठ्याने, खुर्चीकडे बघून. "आई, तुला हॉस्पिटलातून घरी आणलं, ते बरोबर केलं ना मी?"

हा प्रश्न कुठून आला ते तुला सांगायला नको. तिच्या तेराव्या दिवशी दारात उभा राहून तू म्हणालास, "सही तुझी आहे." चपला घातल्यास आणि गेलास. तू ऑपरेशन करू या म्हणत होतास, मी घरी नेऊ या म्हणत होते, आणि कागदावर सही माझी होती. तीन आठवड्यांत ती गेली. तेव्हापासून दुकानात पावतीवर सही करतानासुद्धा मला ते शब्द ऐकू येतात.

बाबा खूप वेळ खुर्चीकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "काही बोलत नाही. हसतेय नुसती."

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी बाबांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "ती म्हणते, माझी तयारी होती. टिल्लू म्हणत होता तसं करायचं होतं."

मागच्या पत्रापासून हे लिहायला मला बारा दिवस लागले. पुढचं आज लिहवत नाही.

ताई


९ एप्रिल

टिल्लू,

पुढचं.

बाबांच्या तोंडून ते ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली नाही. गोळी तीनला दिली, पावणेचार झाले, साडेचार झाले. बाबा खिडकीकडे बघत बसले, मी बाबांकडे. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मला वाटलं, रुसली. बघ, मी किती लांब गेले होते. आपल्याला रुसून न येणारी आई होती का? ती तर भांडण अर्धवट टाकून "जेवायला चला" म्हणणारी.

पण मला तिला विचारायचं होतं. तुझी तयारी होती तर मला उलटं का कळलं? बाबा तेव्हा आतून येऊन मला म्हणाले होते, "ती घरी चला म्हणते." तू लिफ्टपाशी फोनवर होतास. मी त्यांच्या शब्दावर सही केली. मग खोटं कोण बोललं? आजारी बाई, की बाबा, की गोळी?

तिसऱ्या दिवशी मी नवी गोळी सुरीने मधोमध कापली आणि तीनच्या गोळीबरोबर अर्धी जास्त दिली. बाबांनी तळहातावर बघितलं. "आज जास्त आहे का?"

मी म्हटलं, "डॉक्टरांनी वाढवलीय."

त्या दिवशी ती आली, पण दारातच उभी राहिली म्हणे. शुक्रवारी मी अर्धीच्या जागी अख्खी जास्त दिली.

सव्वाचारला बाबा अचानक म्हणाले, "किती माणसं आणलीयस तू?" खोलीत मी एकटी. "त्यांना सांग, बूट बाहेर काढा." मग घाबरून उठले, बाथरूमकडे निघाले, दाराला हात लावला आणि आत कोसळले. डोकं नळावर आपटलेलं मी ऐकलं. दोन पावलांवर होते मी. विचारायच्या प्रश्नाची जुळवाजुळव करत होते.

हॉस्पिटलात दोन दिवस त्यांचे हात पलंगाला पट्टीने बांधावे लागले. सलाईन उपटून टाकत होते. प्लास्टर घातलेला हात आपटत होते. नर्सला म्हणत होते, "ती बाहेर उभी आहे, तिला आत का सोडत नाही? पास आहे तिच्याकडे." नर्स गोड होती, म्हणाली, "सोडते हं आजोबा, भेटीची वेळ होऊ दे." मी भिंतीला टेकून उभी होते. मी डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं ते तुला माहीत आहे. त्यांच्या तेच घेतात. विसरले असतील. स्वतःची बाजू सांगता न येणाऱ्या माणसावर ढकललं.

काल गेले मी डॉक्टरीणबाईंकडे. नंबर लावून बसले, आत गेल्यावर उभ्यानेच सांगून टाकलं. अर्धी, अख्खी, सगळं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बसा. पहिल्यांदा कधी दिसल्या त्या?"

"घरी आल्यावर चौथ्या दिवशी."

"तेव्हा फोन केला असतात तर एवढंच झालं असतं की नवी गोळी बंद केली असती. पडले नसते." मग जरा थांबून, "भास लपवणारी घरं पुष्कळ असतात. हात थांबलाय म्हणून लपवतात. वेडे म्हणतील म्हणून लपवतात. डोस वाढवणाऱ्या तुम्ही पहिल्याच भेटलात." त्यांनी जुना कागद काढला, माझं आधीचं वाक्य खोडलं आणि खरं ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी मान हलवली.

नवी गोळी कायमची बंद. जुनीचा डोस उतरवला. उरलेली पाकिटं मी फार्मासिस्टच्या खिडकीत नेऊन दिली. घरात ठेवायचा धीर नव्हता, आणि बाबांचा मला भरवसा नव्हता असं म्हणणार होते. माझाच नव्हता.

ताई


२० एप्रिल

प्रिय टिल्लू,

बाबा घरी आहेत. हात पुन्हा थरथरतो, प्लास्टरच्या आतसुद्धा. कान लावला तर बारीक खरखर ऐकू येते.

दुपारी ते खिडकीजवळच्या खुर्चीकडे तोंड करून बसतात. पावणेचारला चष्मा पुसतात. कुणी येत नाही. परवा मला म्हणाले, "ती जी दुसरी गोळी होती, ती अर्धी तरी नाही का देता येणार? उठायचं नाही मी. पलंगावर पडून घेईन."

मी म्हटलं, "नाही बाबा."

"पाव?"

मी तिथून उठून गेले. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. तुला आठवत असेल, तू त्यावरून बोललाही होतास. आता रोज दुपारी रडतात, आवाज न करता. एकाच माणसाला दोनदा पोचवायचं म्हणजे काय, ते मी बघतेय. दुसऱ्यांदा तर गोळी बंद करून मीच पोचवलं.

काल त्यांचं डोकं स्वच्छ होतं. सकाळची वेळ, ऊन आत आलेलं, मी त्यांची नखं कापत होते. हातात हात होताच, म्हणून विचारलं. खुर्चीला नाही, त्यांना.

"बाबा, आईने तुम्हाला तेव्हा काय सांगितलं होतं? खरं काय ते सांगा."

त्यांनी हात ओढून घेतला नाही. "कधी?"

"मी सही केली त्या दिवशी."

मी करंगळीपर्यंत आले.

"म्हणाली, टिल्लू म्हणतो तसं करू या. जगले तर जगले."

"आणि तुम्ही बाहेर येऊन मला काय सांगितलंत?"

"उलटं."

"का?"

"सर्जन म्हणाला होता, टेबलावरच जाऊ शकते. तिला ढकलत घेऊन गेले असते, दार बंद झालं असतं आणि संपलं. मला वाटलं, घरी नेली तर दोन-तीन आठवडे तरी मिळतील." ते खिडकीकडे बघत होते. "तेवढे मिळाले."

मी नेलकटर मिटून ठेवलं. सहा वर्षं माझ्यासमोर रोज ताटावर बसणारा माणूस. तू मला काय म्हणून गेलास ते त्यांनी दाराच्या आतून ऐकलं होतं. ते एक वाक्य बोलले असते तर तू चपला घालून गेला नसतास. कदाचित त्यांच्याशी भांडला असतास, पण माझ्याशी नाही.

"त्याला कळवू नकोस," ते म्हणाले. मग मी दारापर्यंत गेल्यावर, "कळव. मी लिहिलं असतं, पण हा हात."

हात धड होता त्या पहिल्या वर्षी कुठे होतात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. मीही अर्धी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवून डॉक्टरांचं नाव सांगितलंच होतं की. आम्ही दोघं एकाच घरात राहतो ते उगाच नाही.

तर कळवते. तू बरोबर होतास. तिला ऑपरेशन हवं होतं. जगली असती की नाही, ते कुणालाच माहीत नाही, मी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. पण हवं होतं. सही माझी आहे, ती आहेच. शब्द बाबांचा होता.

आता तू काय करायचं ते तू ठरव. मी बोलावत नाही. बोलावण्याचा हक्क आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझी ताई


५ मे

प्रिय टिल्लू,

काल तुझा फोन मी "दुकानात कुणीतरी आलंय" म्हणून ठेवून दिला. कुणी आलं नव्हतं.

पत्र मिळाल्यावर तू ओरडशील, बाबांना फोनवर बोलाव म्हणशील, किंवा काहीच करणार नाहीस, या सगळ्याची मी तयारी केली होती. तू विचारलंस ते माझ्या तयारीत नव्हतं. तुझा आवाजही ओळखू येत नव्हता. तू गोळ्या विचारणारा, कागद मागवणारा, बोल्ट किती सैल आहे ते मोजणारा. आणि तू विचारलंस, "ताई, इतके दिवस ती येत होती, तर माझ्याबद्दल काही विचारलं का तिने?"

मला पटकन "हो" म्हणता आलं असतं. रोज विचारायची, कुठे असतो, जेवतो का वेळेवर, केस पिकले का. आपल्या आईने हेच विचारलं असतं आणि तू मानलं असतंस. तोंडात आलं होतं माझ्या. पण या घरात माणसांना बरं वाटावं म्हणून जे जे बोललं गेलं त्याचं काय झालं, ते तू वाचलंस.

नाही, टिल्लू. त्या सगळ्या दुपारी मिळून तिने तुझं नाव एकदाच घेतलं, ते ऑपरेशनच्या वाक्यात. विचारलं असं कधीच नाही. मी रात्रभर यावर विचार केला. ती बाबांच्या डोक्यातून येत होती. तिने तुझी चौकशी केली असती तर बाबांना उत्तर द्यावं लागलं असतं. ती त्यांनी येऊ दिली तेवढीच आली, बोलू दिलं तेवढंच बोलली.

आज मी बाबांना तुझा प्रश्न सांगितला. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

म्हणाले, "मी विचारतो म्हणावं. मीच विचारतोय. ये म्हणावं एकदा."

तुझी,
ताई